सुताच्या टोकाला अप्पा

आमच्या घरात भांडणं आवाज न करता व्हायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापूरच्या एका कापडगिरणीत विणकर होते. गिरणीतल्या मागाला साचा म्हणतात. अप्पांची तीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात उभ्यानं गेली आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू नेले. साचेखात्यात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ मोठे हलवून आणि हातवारे करून बोलतात. अप्पांनी तीच रीत घरी आणली. अव्वा, म्हणजे माझी आई, चिडली की कमरेवर हात ठेवायची, डोळे वटारायची, ओठ ताणताणून बोलायची, आणि तोंडातून आवाज म्हणून निघायचा नाही. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, काय समजूतदार जोडपं आहे! मी मात्र आवाजाची निघाले. माझा राग घरात मावायचा नाही, तो थेट गल्लीतल्या नळापर्यंत ऐकू जायचा.

अप्पांना एकच नाद होता, रविवारी सायकलवरून लांब जायचा. कामाला नाही, कुणाला भेटायला नाही. नुसतं जायचं आणि परत यायचं. ही गोष्ट मी सांगते आहे ती सत्तरच्या दशकातली. तेव्हा सोलापुरात सायकली उदंड होत्या, पण प्रत्येक सायकल कशाला तरी जुंपलेली असायची. कुणाच्या मागं सुताचे गठ्ठे, कुणाच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, कुणाच्या दांडीवर पोरगं आणि कॅरिअरवर बायको. रिकामी सायकल घेऊन माणूस पहाटे गावाबाहेर जातो आणि उन्हं चढायच्या आत रिकामाच परत येतो, हे लोकांना काही पटायचं नाही. ‘कुटं गेलता?’ असं कुणी हातानं विचारलं की अप्पा म्हणायचे, ‘कुंभारीला.’ ‘काय काम हुतं?’ ‘काय न्हाय.’ विचारणारा बिचारा तसाच उभा राहायचा.

त्यांची सायकलही तशीच जगावेगळी होती. गिरणीतल्या एका गोऱ्या विव्हिंग मास्तरची ती शर्यतीच्या जातीची विलायती गाडी. हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, चाकं बारीक, ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड. साहेबाची गाडी पुसायचं, तेलपाणी करायचं काम पोरसवदा अप्पांकडं असायचं. साहेब मायदेशी गेला तेव्हा ती त्यांनाच देऊन गेला. मला कळायला लागलं तेव्हा तिचा रंग उडून नुसतं लोखंड दिसत होतं, सीटचं चामडं बसून बसून काळं कुळकुळीत झालं होतं. पण मागचं चाक उचलून फिरवलं की किती तरी वेळ थांबायचं नाही. गल्लीतली पोरं तिला बोकड्या म्हणायची.

मी लहानपणी एकदा त्यांना विचारलं होतं की दमत नाही का तुम्ही. आठवडाभर उभं राहायचं आणि एक सुट्टी मिळते ती पण सायकल मारण्यात घालवायची! त्यावर ते म्हणाले, ‘सा दिवस कापड पुढं जातंय आन मी हितंच उभा. ऐतवारी मी जातो की पुढं.’ तेव्हा मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. पुढं मीही नोकरीत एकाच खुर्चीवर वर्षं काढली, तेव्हा त्यातलं खरं समजलं.

त्यांचे एक सोबती होते. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे चाचा, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहणारे. त्यांनी जुन्या बाजारातून तसलीच एक शर्यतीची गाडी मिळवली होती. लग्नसराई सोडली तर दोघं दर रविवारी बरोबर. कधी अक्कलकोटच्या रस्त्यानं कुंभारीपर्यंत, कधी तुळजापूरच्या रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावावर. त्यांचा नियम ठरलेला होता, ऐकणारा मागं. कारण वाहन पाठीमागून येतं, ते आधी मागच्याला कळतं, आणि बहिऱ्यानं ऐकलं की नाही हेही मागूनच दिसतं. चाचांची छाती बँडवाल्याची. ते मागून ‘भाई, बाजू!’ असं ओरडले की शेतातली पाखरं उडायची, आणि अप्पांच्या कानात तेव्हा जे काही थोडं शिल्लक होतं त्यात तेवढं जायचं.

मग एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. अप्पांच्या कानातलं ते थोडंही गेलं, आणि चाचांचे गुडघे गेले. चाचांनी गाडी भिंतीला लावली. अप्पा एकटेच जायला लागले.

एके रविवारी उन्हं चांगली वर आली तरी अप्पा आले नाहीत. अव्वा दारात उभी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी वऱ्हाडाचा एक ट्रक येऊन थांबला. आत नवरी, करवल्या, हंडे-घागरी आणि त्यांच्यात कोपराला हळद थापून बसलेले अप्पा. टपावर बोकड्या बांधलेली. झालं असं होतं की वऱ्हाडानं मागून हॉर्न वाजवून वाजवून जीव घेतला, पण अप्पा रस्त्याच्या मधून आपले मजेत चाललेले. शेवटी ट्रक बाजूनं काढताना फळी त्यांच्या कोपराला घासून गेली. एक वीतभर इकडं तिकडं झालं असतं तर, असं नवरीचा मामा अव्वाला सांगत होता.

त्या दिवशी ती ओठांनी नाही, आवाजानं ओरडली. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. राग फार झाला की ती कानडीत जायची. ‘साकु! साकु माडरी!’ म्हणजे पुरे, आता पुरे करा. अप्पांना तिचे ओठ दिसत होते, तेवढं पुरेसं होतं. दुपारी तिनं शेजाऱ्याकडून पाना आणवला, सायकलची दोन्ही पायडलं काढवली आणि ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवली. विषय संपला.

विषय संपला तो अव्वासाठी. अप्पा रविवारी नेहमीच्याच वेळेला उठायचे, चाकात हवा भरायचे, आणि बिनपायडलाची गाडी पुढं घेऊन उंबऱ्यावर बसायचे. चाक फिरवायचे, थांबलं की परत फिरवायचे. मोडकं खेळणं घेऊन बसलेल्या पोरासारखे. जेवताना अर्धी भाकरी तशीच राहायला लागली. मग त्यांचं ओठांनी बोलणंही कमी झालं. गिरणीतला जॉबर, म्हणजे त्यांच्यावरचा मुकादम, एकदा घरी येऊन अव्वाला सांगून गेला, ‘वैनी, ह्यांच्या साच्यावर कापडात खोट राहाया लागलीय. आजवर कदी न्हवती. बघा जरा.’ अव्वा म्हणाली, होईल सवय. मला ते खरं वाटेना. मी कॉलेजात होते, तेवढी काही लहान नव्हते. माझा बाप डोळ्यांदेखत आटत चालला होता आणि घरात सगळे जण सवय व्हायची वाट बघत होते, याचा मला मनस्वी राग यायला लागला.

आधी मी आरसा आणला. बाजारातून आणलेला गोल आरसा हँडलला बांधला, अव्वाला गयावया करून पायडलं एका संध्याकाळपुरती मागून घेतली, आणि अप्पांना गल्लीत चालवायला लावली. त्या बारीक चाकांवर खडी अशी लागायची की आरशात सगळं जग नुसतं थरथरायचं. अप्पा म्हणाले, ‘ह्यात म्हस हाय का मोटार हाय, काय कळंना. आन मागचं बघत बसलो तर पुडचं कोन बघनार?’ आरसा काढला. पायडलं परत कणगीत.

मग मी म्हणाले, मीच येते मागं. चाचांच्या जागी मी.

अव्वा हसली. मी सायकल शिकले होते ती भाड्याच्या सायकलींवर, अर्धा गुडघा फोडून घेऊन. पण मी हट्टाला पेटले होते. चाचांकडं गेले. त्यांनी भिंतीची गाडी काढून दिली, ‘ले जाव बेटी, खाली खडी-खडी जंग चढ री इसको,’ आणि त्यांच्या मुलीनं आपला एक सलवार-कमीज दिला, कारण दांडीच्या सायकलवर साडी नेसून बसणं शक्यच नव्हतं. गल्लीत त्या कपड्यांवरून जे बोलणं झालं ते मी इथं लिहीत नाही. मीही उलट बोलले होते, तेही लिहीत नाही.

आता प्रश्न असा की मागून बोलवायचं कसं? माझा आवाज कितीही मोठा असला तरी त्यांच्यासाठी तो नसल्यातच जमा. मी गल्लीत प्रयोग म्हणून चिंचोके मारून बघितले. तीन अप्पांच्या पाठीवर लागले, एक कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला लागला. शेवटी तोड काढली ती अप्पांनीच. शेजारी हातमाग होते. तिथून त्यांनी खळ दिलेलं सुती सूत मागून आणलं, दुहेरी केलं, अव्वाची नऊवारी असते तेवढी त्याची लांबी घेतली. एक टोक त्यांच्या डाव्या दंडाला, दुसरं माझ्या डाव्या हाताच्या बोटांत. एकदा ओढलं की मागं वाहन आहे, डावीकडं व्हा. दोनदा ओढलं की थांबा. मी म्हणाले, एवढं बारीक सूत? चांगली सुतळी घेऊ की. अप्पांनी मान हलवली. ‘तुटाया पायजे ते. न तुटनारा दोर घेटला तर एक पडला की दोगं बी खाली.’

सूत धरायचं म्हणजे सोपं नव्हतं. फार ताणलं तर तुटतं, ढील दिली तर चाकात जातं. त्यांच्या वेगाला आपला वेग जुळवत राहायचं. पहिल्या दिवशी मी इतकी तोडतोडी केली की अप्पा हसून म्हणाले, ‘तुजा हात लई जड हाय पोरी. रागात सूत धरत न्हाईत.’ किती दिवसांनी हसले होते.

अव्वानं ते हसणं पाहिलं असणार, कारण शनिवारी तिनं कणगीत हात घातला. फक्त कुंभारीपर्यंत, फक्त एकदा, ती म्हणाली, आणि मी जकातनाक्यावर उभी राहून वाट बघणार. पायडलं बसवली तेव्हा त्यांच्यातून ज्वारीचे दाणे गळत होते.

रविवारी निघालो. अक्कलकोटचा रस्ता तेव्हा अरुंद होता, दोन्ही अंगांना मुरूम, पुढं बाभळी. नाका मागं पडला, कोवळं ऊन अंगावर आलं, आणि माझ्यापुढं अप्पांची पाठ. ती पाठ मी घरात नेहमी वाकलेली बघितली होती. त्या गाडीवरही ती वाकलेलीच होती, पण हे वाकणं वेगळं. ते जोरात पायडल मारत नव्हते, नुसते पाय फिरत होते आणि गाडी आपली पळत होती. मागून दोन मोटारी, एक फटफटी. मी एकदा ओढलं की अप्पा अलगद डावीकडं. वाटलं, जमलं! आता अव्वाला तोंडावर सांगायचं, बघ.

कुंभारी जवळ आली आणि मागून ट्रक आला. भुईमुगाच्या शेंगांची पोती भरलेला, रस्ताभर डुलत येणारा. त्याचा आवाज कानावर पडला. मी सूत ओढलं. भीतीनं ओढलं, जोरात ओढलं, आणि ते तटकन तुटलं.

अप्पा थांबले.

रस्त्याच्या मधोमध, ब्रेक दाबून, जागच्या जागी. विणकर माणूस तो. तीस वर्षं सूत तुटलं की हात आपोआप दांड्यावर जायचा आणि साचा बंद व्हायचा. विचार करायला तिथं वेळच नसतो, तुटल्या सुतावर साचा चालला तर सगळं कापड वाया. तर अप्पा थांबले, खाली उतरले, गाडी मांडीला टेकवली, लोंबणारं टोक उचललं आणि डोळ्यांजवळ धरून रस्त्यावर माझ्या बाजूचं टोक शोधायला लागले. गाठ मारायला! मागून पोत्यांचा डोंगर येतोय आणि हा माणूस भर रस्त्यात सुताला गाठ मारतोय.

मी हातातलं सूत सोडलं, गाडी टाकली आणि ट्रककडं धावत सुटले. दोन्ही हात वर, तोंडानं काय ओरडत होते कुणास ठाऊक. ट्रकनं ब्रेक मारले, तो मुरमावर घसरला, तिरपा होऊन माझ्यापुढं थांबला. दोन पोती खाली आली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, ‘मरायचं हाय का गं? आन त्यो काय बैरा हाय का?’

‘व्हय!’ मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. ‘बैराच हाय!’

खाली उतरून त्यानं पोती उचलली आणि ट्रक बाजूनं काढला.

मी वळले तेव्हा अप्पांची गाठ बांधून झाली होती. ते मान वर करून मला ती दाखवणार, इतक्यात त्यांना मुरमावरचे चाकांचे ओरखडे दिसले, माझी आडवी पडलेली सायकल दिसली, आणि बाजूनं जाणारा ट्रक दिसला. त्यांना सगळं समजलं. मी ट्रकपुढं उभी राहिले होते हेही समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मला अजून विसरता येत नाही.

आम्ही एका लिंबाखाली बसलो. ते म्हणाले, ‘सपलं पोरी. गाडी माळ्यावर टाकू.’ मी म्हणाले, नाही. त्यांनी मान फिरवली. बहिऱ्या माणसाशी वाद घालायची हीच पंचाईत, त्यानं तोंड फिरवलं की तुमचं सगळं बोलणं बंद. मी उठून त्यांच्यासमोर गेले, त्यांनी दुसरीकडं मान फिरवली. मी तिकडं गेले. असे आम्ही त्या लिंबाभोवती फिरत होतो, मी रडत आणि ते भुईकडं बघत. शेवटी मी दमले. आम्ही सायकली हातात धरून चालतच परत आलो. नाक्यावर अव्वा होती. तिनं दोघांची तोंडं बघितली आणि घराकडं निघून गेली.

घरी आल्यावर अप्पांनी स्वतः पाना घेतला. दोन्ही पायडलं काढली, फडक्यानं पुसली, चुलीपुढं बसलेल्या अव्वाजवळ गेले आणि तिच्यापुढं धरली.

अव्वा भाकऱ्या थापत होती. तिनं ती घेतली नाहीत. पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं. ‘काय झालं?’

मला पोटात काही ठेवता येत नाही. सगळं सांगितलं, ट्रकसकट. आता आभाळ कोसळणार म्हणून मी वाट बघत होते. तव्यावरची भाकरी करपत होती. अव्वानं अप्पांकडं तोंड केलं आणि ओठ मोठे करून विचारलं, ‘सूत तुटलं म्हनून थांबला?’

त्यांनी मान हलवली.

‘रस्त्याच्या मदी?’

हलवली.

‘आन गाट मारत बसला?’

पुन्हा हलवली. अव्वानं कपाळावर हात मारून घेतला, सगळं पीठ कपाळाला लागलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मी तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. पायडलं तिच्यापुढं तशीच धरलेली होती. ती त्यांना म्हणाली, ‘मला जित्तं मानूस पायजे हुतं, म्हनून काडली मी ती. ह्ये असलं तोंड बगाया न्हाय काडली. जावा. बसवा परत.’

अप्पांना ओठ नीट दिसले नसावेत, डोळे भरले होते त्यांचे. म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. बसवा परत.

तेवढ्यावर ती थांबली नाही. तिचं म्हणणं असं की तीस वर्षांची खोड आहे, ती काही जाणार नाही. सूत तुटलं की हे थांबणारच. मग थांबू दे, पण रस्त्याच्या कडेला जाऊन थांबू दे. दुसऱ्या दिवसापासून अप्पांची पाळी सुटली की संध्याकाळी आम्ही गिरणीच्या चाळीमागच्या मोकळ्या मैदानात. चाचांनी चुन्यानं दोन लांब रेघा मारून रस्ता केला आणि स्वतः स्टुलावर बसले, दुखरे पाय पसरून. अप्पा पुढं, मी मागं, मधे सूत. आणि अव्वा पदर खोचून, हातात कात्री घेऊन, मैदानात कुठंतरी उभी. कधी या टोकाला, कधी त्या. आम्ही बाजूनं गेलो की मनात येईल तेव्हा पुढं होऊन कचकन सूत कापायची.

पहिले काही दिवस अप्पा रेघांच्या मधोमधच थांबत राहिले. अव्वा समोर जाऊन बिनआवाजाची खरडपट्टी काढायची. चाचा स्टुलावरून ओरडायचे, ‘भाई, खडा नक्को हो, बाजू हो, बाजू!’ आणि ऐकू येत नाही हे आठवून स्वतःच हसायचे. चाळीतली माणसं शेंगा खात बघायला बसायला लागली. अप्पा खजील व्हायचे, पण सोडायचे नाहीत. मग एकदा सूत कापलं आणि त्यांचं हँडल आधी डावीकडं वळलं, चाक चुन्याच्या रेघेपलीकडं गेलं, आणि मग ब्रेक लागला. त्यांना स्वतःलाच ते उतरल्यावर कळलं. चाळीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या अप्पांना ऐकू येत नव्हत्या, हात दिसत होते. ते लाजून खाली बघत गाठ मारायला लागले. मीही शिकत होते, हात हलका ठेवायला. माझ्यासाठी ते जास्त अवघड होतं असं मला अजून वाटतं.

नंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा कुंभारीला गेलो. खड्ड्यात माझं चाक आदळलं आणि सूत खरोखर तुटलं, मागं वाहन असतानाच. अप्पा डावीकडं गेले, मुरमावर उतरले, थांबले. वाहन निघून गेलं. मी जवळ पोचले तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं टोक घेतलं, गाठ मारली आणि सूत माझ्यापुढं धरलं. कुंभारीत आम्ही भजी खाल्ली. अव्वासाठी पुडीत बांधून आणली, ती तिनं नाक्यावर उभ्या उभ्याच खाल्ली. त्यानंतर पायडलं कणगीत गेली नाहीत. साच्यावरचं कापडही सुधारलं, जॉबरनं मुद्दाम येऊन सांगितलं.

पुढं आमची हिंमत वाढली आणि आम्ही तुळजापूरच्या रस्त्यानं लांब जायला लागलो. त्या वाटेवर एक उतार होता, सरळ, लांबच लांब, खालपर्यंत सगळा दिसणारा. बाकी रस्त्यावर अप्पा मोकळे असायचे, पण या उतारावर त्यांना हात आखडता घ्यावा लागायचा, कारण मी मागं पडले तर सूत तुटणार. गाडीला सुटायचं असायचं आणि ते तिला ब्रेकवर धरून ठेवायचे, माझ्यासाठी. मागून मला त्यांची बोटं ब्रेकवर पांढरी पडलेली दिसायची.

थंडीतला एक रविवार होता. उताराच्या माथ्यावर मी मागं वळून बघितलं. मग गाडी थांबवायच्या बेतात आणली आणि नीट कान दिले. काही नाही. पुढंही रस्ता रिकामा. मी बोटं उघडली.

सूत सर्रकन पुढं गेलं. अप्पांना दंडावर ते कळलं आणि हँडल लगेच डावीकडं वळलं, शिकवल्याप्रमाणे. कडेला जाता जाता त्यांनी मान वळवली. मी दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभी होते. मी हातानं खूण केली, जावा. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. मी पुन्हा खूण केली आणि ओठ मोठे करून सांगितलं, कुणी नाही मागं. जावा तुम्ही.

आयुष्यात पहिल्यांदा सूत सुटलं आणि अप्पा थांबले नाहीत. ते परत रस्त्यावर आले, ब्रेकवरची बोटं काढली, खाली वाकले आणि गेले. शर्ट पाठीवर फुगलेला, दंडामागं सूत उडतंय, आणि बघता बघता एवढेसे झाले. मी माथ्यावर उभी राहून मागचा रस्ता ऐकत होते.

खाली पोचले तेव्हा ते कडेला उभे होते. धाप लागलेली, डोळ्यांत वाऱ्यानं पाणी. सूत बोटांवर गुंडाळून ठेवलं होतं. ‘वर जाऊ या का परत?’ त्यांनी विचारलं.

हे आम्ही अव्वाला कधीच सांगितलं नाही. अप्पांची गिरणीतली नोकरी सुटली, माझं लग्न ठरलं, तोवर जितके रविवार मिळाले त्या प्रत्येक रविवारी त्या माथ्यावर अप्पा थांबायचे, माझे ओठ दिसावेत म्हणून पूर्ण वळायचे आणि विचारायचे, ‘मागं कोन हाय का गं?’ मी मागचा रस्ता पुन्हा एकदा नीट ऐकायची. कुणी नाही अप्पा, म्हणायची, आणि बोटं उघडायची.